कडकी

मार्केट यार्डात दुपारी दीडला
लॅपटॉप ओरडायला लागतो,
सायकलच्या तारांत पोरांनी पुठ्ठा अडकवावा तसा.
मग स्क्रीन काळी.
चौतीस पोती राजापुरी, काट्यावरून नुकती उतरलेली,
अजून सेव्ह केलेली नव्हती.

"तापलंय ओ ते," बिरनाळे अण्णा म्हणतात,
"जरा इसवू दे."
बैलाबद्दल बोलावं तसं.

मी सगळं करून पाहिलंय.
खाली बाटल्यांची चार झाकणं लावली.
टेबलफॅन वळवला, तर पट्ट्या उडाल्या,
आणि हमालांसकट आम्ही सगळे
शेतकऱ्यांची नावं गोळा करत पोत्यांमधून फिरलो.
घरून पुरणाची चाळण आणली, तिच्यावर ठेवून बघितला.
ओलं फडकं टाका म्हणाले अण्णा,
तेवढं ऐकलं नाही.
तळहात मात्र रोज लावते खालून,
ऋजुताच्या कपाळाला लावायचे तसा, शाळेच्या वेळेला,
खरा ताप की नाटक, ते बघायला.

लॅपटॉप तिचाच, कॉलेजचा.
झाकणावर मांजराचं अर्धं स्टिकर आहे अजून.
पुण्यात कंपनीनं नवा दिला तेव्हा म्हणाली,
"आई, हा तू घे. अजून चालतो."
अजून चालतो.
आमच्या घरात हे पुष्कळ गोष्टींबद्दल म्हणतात.

"नवा घेऊ या का, अण्णा?"
"हंगाम होऊ दे."
हंगाम झाला की, "गणपती होऊ देत."
त्याच्या अंगात कडकी,
पेढीच्या तिजोरीत कडकी,
मध्ये मी, वही घेऊन.

शेवटी हरभट रोडला, जिन्याखाली,
तौफिक शिकलगारचं दुकान.
पाटीवर आजोबांची अक्षरं:
कात्री, सुरी, अडकित्ता. धार लावून मिळेल.
खाली ह्यानं मार्करनं वाढवलंय: लॅपटॉप.
तेरा स्क्रू काढून चहाच्या बशीत ठेवले,
तळ उचलला,
आणि थांबला.
"मॅडम, ह्याचं लग्न होतं काय?"

पिवळा.
पंख्याची पाती पिवळी, जाळी पिवळी,
तांब्याच्या नळीवर पिवळी साय.
सहा हंगाम त्यानं बारीक बारीक ओढून घेतले होते
आणि आतल्या आत लिंपले होते.
वाऱ्याला सुईएवढी वाट नव्हती.

तौफिकनं ब्रश फिरवला, फुंकर मारली.
जिन्याखालचा बल्ब क्षणभर धुक्यात गेला.
मग एकेक पातं धरून पुसलं, पुढून, मागून, कडेनं.
आजोबांचा हात असाच चालायचा का,
विचारणार होते. राहिलं.
जुनी पेस्ट खरवडली, खडू झालेली,
नवी लावली, मोहरीएवढी.

"तुम्ही रोज तिथंच बसता?"
"अकरा वर्षं."
"तोंडाला काही बांधता?"
मी म्हटलं, "किती झाले?"
"साडेतीनशे."

निघताना त्यानं झाडलेली हळद
वर्तमानपत्राच्या पुडीत बांधली, हसत.
"ही तुमची. काट्यावर घाला."
पुडी पर्समध्ये टाकली.
तिथं मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे,
छातीचा फोटो काढून आणायची,
जानेवारीपासून.

चारला परत पेढीवर.
झाकण उघडलं, बटण दाबलं,
तर आवाजच नाही.
इतका गप्प, की पत्र्यावर चालणारी कबुतरं ऐकू आली,
पलीकडच्या गाळ्यात कुणीतरी सुतळी तोडली तीही.
चौतीस पोती पुन्हा भरली, एक एक.
तळहात लावून बघितला. गार,
म्हणजे माणसाएवढा गार.

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं.
"बंद पडला काय ओ परत?"
"न्हाई. चालू आहे," म्हटलं मी,
आणि खोकले.